उन्हाची शेती आणि आमचा सडा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. चावदिसाची पहाट होती. तुळशीपुढे कारीट फोडून झाले होते, आंघोळी उरकल्या होत्या आणि घरची सारी मंडळी पडवीत फोव खायला बसली होती. आमच्या मालवण तालुक्यात या दिवशी गोडे, तिखट, दह्यातले, रसातले असे चार-पाच तऱ्हांचे पोहे पानात पडले नाहीत, तर दिवाळी उजाडली असे कोणी मानीत नाही. मुंबईचे चाकरमानी भाऊ आले होते, पोरे फटाक्यांच्या वासाने माखली होती. अशा वेळी तात्यांनी (हे माझे सर्वांत धाकटे काका, वय ७८) ताटली खाली ठेवली आणि सर्वांदेखत मला विचारले :

"सडो भाड्यान देवचो काय रे? तुका त्यातला कळता, म्हणान इचारतंय."

पडवी एकदम गप्प झाली. त्यावरून मी ओळखले की, हा विषय मी येण्यापूर्वीच घरात बराच चघळून झालेला आहे.

हकीकत अशी. आठ दिवसांपूर्वी एक गृहस्थ मोटारीतून येऊन गेले होते. बोलणे मोठे गोड. आमच्या सड्यावरची पंधरा एकर जागा त्यांना सौरविजेचे केंद्र उभारण्यासाठी हवी होती. तीन मेगावॅटचे केंद्र, तीस वर्षांचा करार, आणि भाडे हेक्टरी सालाला सव्वा लाख रुपये; शिवाय दर वर्षी शेकडा तीनची वाढ. हे आकडे काही त्यांच्या पदरचे नव्हते. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, आणि २०२३ साली तिला दुसरा अवतार मिळाला, त्यातला हा दर. पंधरा एकर म्हणजे ढोबळमानाने सहा हेक्टर. साडेसात लाख रुपये झाले. ज्या कातळावर आजवर काजूचे रोपही धड रुजले नाही, त्याला साडेसात लाख!

"सूर्य रोज फुकट उगवता," तात्या म्हणाले, "त्येचा भाडा देणारो माणूस मी कधी बघूक नाय."

ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. घाटी चढून गावाच्या डोक्यावर आले की जांभ्या दगडाचे मोठे सपाट पठार लागते, त्याला आम्ही सडा म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये तो तव्यासारखा तापतो आणि काळाठिक्कर दिसतो. सरकारी कागदावर तो कोठे 'वरकस' असतो, कोठे 'पोटखराब'. आमच्या सातबाऱ्यावर त्याला तेवीस नावे आहेत. त्यांतली चार माणसे वारलेली, सहा मुंबईत, आणि एकाचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नाही. साडेसात लाखांना तेवीसने भागले तर माणशी बत्तीस हजार सहाशे होतात. हा भागाकार माझ्या धाकट्या चुलतभावाने आधीच करून ठेवला होता. त्याच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण चालू आहे आणि फी भरायची आहे, हे त्याने सांगितले नाही. ते मला ठाऊकच होते.

आता मला 'त्यातले कळते' ते कसे, हेही सांगायला हवे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर नावाचे ठिकाण आहे. तेथे महानिर्मितीने १२५ मेगावॅटचे सौरकेंद्र उभारले. ७५ आणि ५० अशा दोन भागांत काम निघाले, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेचे कर्ज मिळाले, आणि २०१३ साली तेथून वीज वाहू लागली. आज राजस्थानात भडला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान चौदा हजार एकरांवर पसरलेले आहे. त्याच्यापुढे साक्री म्हणजे अंगणातले तुळशीवृंदावन. पण २०१२ साली एका पोटकंत्राटदाराकडे मोजणीदार म्हणून मी तेथे गेलो, तेव्हा एवढे मोठे काम मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

माझी कल्पना अशी होती की, सौरकेंद्र म्हणजे काचेच्या फळ्या, तारांची भेंडोळी आणि शुभ्र डगले घातलेले इंजिनियर. प्रत्यक्षात कित्येक दिवस मला दिसले ते जेसीबी, मुरुमाचे ढीग, काटेरी तार आणि गाडीभर खुंट्या. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते; त्या मापाने १२५ मेगावॅटला पाच-सहाशे एकर झाली. त्या जागेवर शेकड्यांनी नव्हे, हजारांनी खांब रोवायचे, आणि प्रत्येक खांबाची जागा मोजणी-यंत्रातून पाहून खुंटी मारून दाखवायची, हे आमच्या टोळीचे काम. ओळ बोटभर हलली तरी पुढे प्लेटा बसताना बोंब होते. (तेथे 'पॅनेल' हा शब्द इंजिनियरांच्या तोंडी. मजूर, मुकादम, चहावाला, सारे 'प्लेट'च म्हणत. मीही तेच म्हणतो.)

खांबाची एक परीक्षा असते, ती पाहून मला फार मौज वाटली. घराच्या खांबाचे आपण काय पाहतो, तर वरचा भार पेलतो की नाही. येथे उलट. खांबाला साखळी बांधून तो वर ओढतात, आणि किती जोर लावला म्हणजे तो उपटतो हे पाहतात. कारण तिरपी प्लेट म्हणजे शीडच. तिच्या पोटात वारा भरला की ती खाली बसत नाही, वर उडू पाहते. खानदेशातल्या पोरांना हे समजावायला मुकादमाला घटकाभर लागला. मालवणच्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

दुसरी मौज सावलीची. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, त्या गावच्या अक्षांशाच्या आसपास तिरक्या बसवतात. साक्रीला एकवीस अंशांचा हिशेब, आमच्याकडे सोळाचा. पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडता कामा नये. म्हणून २२ डिसेंबरच्या सुमारास, सूर्य सर्वांत खाली असतो तेव्हाची सावली मोजून दोन ओळींत अंतर सोडतात. प्लेटा एकीला एक अशा माळेत ओवलेल्या असतात. माळेतल्या एकीवर सावली आली की तिच्यापायी साऱ्या माळेची वीज घटते. एका टोकाच्या बाभळीपायी आमच्या साहेबांनी तीन दिवस डोके खाजवले होते. अखेर बाभूळ राहिली आणि ओळ तोडली. कां, ते मला कधी कळले नाही, पण बरे वाटले.

प्लेटांतून निघते ती वीज टॉर्चच्या सेलसारखी एकाच दिशेने वाहणारी. इन्व्हर्टर तिला आपल्या घरातल्या विजेचे रूप देतो, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब चढवतो आणि मग ती मनोऱ्यांवरच्या तारांना मिळते. वर्षाकाठी एक मेगावॅट सुमारे पंधरा-सोळा लाख युनिट देतो. आणि वाचकांना नवल वाटेल, पण या धंद्याला ऊन हवे असते, उष्मा नको असतो. काच पंचवीस अंशांच्या वर तापली की दर अंशाला शेकडा ०.४ च्या आसपास वीज घटते. मेमध्ये प्लेट साठ अंशांवर गेली की सातवा हिस्सा असा उन्हातच वितळून जातो. माघातला थंड, निरभ्र दिवस हा या शेतीचा खरा सुगीचा दिवस.

राहिली धूळ. पीठ चाळल्यासारखी ती काचेवर बसते, मग पाणी आणून प्लेटा धुवाव्या लागतात. अडीचशे-तीनशे वॅटची एक प्लेट धरली तर १२५ मेगावॅटला चार लाखांवर प्लेटा झाल्या. प्लेटीला दीड-दोन लिटर धरा, एका धुण्याला सहा ते आठ लाख लिटर. दुष्काळी मुलखात हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तो दोनदा मांडून पाहिला होता.

असो. साक्रीचे काम संपले आणि मी खानदेशातच दुसऱ्या एका लहान कामावर गेलो. त्या कामाचे नाव-गाव सांगत नाही. कारण तेथली चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

आमच्या मोजणीच्या तक्त्यात शेवटचा एक रकाना असे : 'जमिनीचा सध्याचा वापर व शेरा.' खुंटी मारायची, आकडा लिहायचा, आणि रकान्यात 'पड' असा शब्द टाकून पुढच्या तुकड्याकडे जायचे, ही माझी रीत झाली होती. त्या जागेत ईशान्येकडून एक उथळ ओघळ येत होता. उन्हाळ्यात पाहाल तर गाडीवाट म्हणाल. तो तसाच ठेवला तर ओळी वाकड्या होत होत्या. मी 'पड' असे लिहिले, मुरूम टाकून ओघळ बुजवला आणि ओळी सरळ नेल्या. त्या दिवशी ठेलाऱ्यांचा एक वाडा मेंढ्या घेऊन तेथून चालला होता. त्यांतल्या म्हाताऱ्याने काठीने ओघळ दाखवून मला सांगितले की, बाबा, आम्ही पिढ्यान्पिढ्या येथून मेंढरे नेतो ती या वाटेला पाणी असते म्हणून. मी त्याला चहा दिला. ऐकले नाही.

पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री पाण्याने आपली जुनी वाट शोधून काढली. दोन ओळींच्या खांबांची मुळे उघडी पडली. ते नुकसान काँक्रीट ओतून भरून निघाले. पण कुंपणाबाहेर खालच्या अंगाला एका बाईची अर्धा एकर कपाशी होती, तिच्यावर आमचा सारा मुरूम वाहून जाऊन बसला. बाईला भरपाई मिळाली. कंपनीचा माणूस पैसे देऊन पावती घेत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. ती मला काही बोलली नाही. फक्त वाकून वीतभर मुरूम हाताने बाजूला सारला आणि खालची काळी माती लागते का, ते पाहू लागली.

त्यानंतर मी मोजणीचे काम सोडले असे म्हटले तर ते नाटकी होईल. मी आणखी पाच वर्षे तेच काम केले. मात्र तो रकाना भरताना हात अडखळू लागला, हे खरे.

मग २०१८ चा जानेवारी आला. धुळे जिल्ह्यातल्याच विखरण गावचे ८४ वर्षांचे एक शेतकरी. सौर प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली होती आणि मोबदला मिळाला होता चार लाखांच्या आसपास. आपली बागायत, आपली आंब्याची झाडे मोजणीत धरलीच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. हेलपाटे घालून थकल्यावर २२ जानेवारीला त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला प्राण सोडला. ही बातमी मी एका साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत वाचली. त्या जमिनीच्या मोजणीशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरीही तो कागद, तो रकाना, झाडे ज्यात मावली नाहीत तो, डोळ्यांपुढून हलेना.

तर दिवाळीत तात्यांनी मला विचारले, ते हे सारे ठाऊक नसताना.

मी म्हटले, "तात्या, आधी मोजून पाहतो." पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ यंत्र घेऊन सड्यावर चढलो. तात्या काठी टेकीत मागून आले, त्यांच्या मागून काकी, आणि काकींच्या मागून त्यांच्या दोन गाई. त्या काही मोजणीसाठी आल्या नव्हत्या. त्यांची ती रोजची वेळ होती.

आम्ही चालता चालता मी तात्यांना आमच्याकडच्या अडचणी सांगत होतो. पहिली, पाऊस. धुळ्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या पाच-सहापट आमच्याकडे चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत प्लेटा लख्ख धुतल्या जातात खऱ्या, पण वीज रोडावते. दुसरी, खारा वारा. ज्या गावात खिडकीचे गज पापुद्रे सोडतात आणि सायकलची साखळी दोन पावसाळ्यांत जाम होते, तेथे लोखंडी खांबांना जस्ताचा जाड मुलामा हवा, बोल्ट पोलादी, न गंजणारे हवेत. तिसरी, खुद्द कातळ. खानदेशात खांब ठोकून आत जात, येथे प्रत्येकासाठी दगडात भोक पाडावे लागणार.

"आणि तौक्ते?" चुलतभावाने विचारले. मे २०२१ मधले ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले होते. गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती.

तात्यांचे डोळे चमकले. "म्हणजे ह्यां झाला काय वादळात आमच्याकडे दिवे ऱ्हवतले?"

ही समजूत पुष्कळांची असते. मला ती मोडताना वाईट वाटले. या केंद्राची वीज सरळ तारांत जाते. तारा मेल्या की इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. पडलेल्या तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी तजवीजच असते. सड्यावर तीन मेगावॅट उभे असतील आणि खाली घरात काकी चिमणी लावून बसल्या असतील, असे खुशाल घडेल.

"मगे ह्येचा आमका काय?" तात्या म्हणाले.

"भाडे," चुलतभाऊ म्हणाला. तोही खोटे बोलत नव्हता.

सड्यावर आम्ही उन्हे डोक्यावर येईस्तोवर फिरलो. उत्तरेकडच्या कडेला कातळात बशीसारखे खोलगे आहेत. पावसात तेथे पाणी साठते आणि भेगांतून मुरत मुरत घाटीखालच्या आमच्या विहिरीला मिळते. एप्रिलअखेर गावातल्या विहिरी तळ दाखवतात तेव्हा आमची कंबरभर असते ती याच पाण्यावर. पूर्वेला गुडघाभर करड गवत वाळत उभे होते. काकींच्या गाई आणि शेजारच्या तीन घरांच्या म्हशी वर्षाचा पेंढा त्यातूनच काढतात. मधोमध एके ठिकाणी गुराख्यांनी दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट आहे. तात्यांनी लहानपणी त्यावर खेळून मार खाल्ला होता. आमच्याच तालुक्यात कुडोपीला सड्यावर जुनी कातळशिल्पे आहेत. बावल्यांचा सडा म्हणतात त्याला. २०२२ साली कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमचा पट काही त्या तोलाचा नाही. पण कुडोपीचा सडाही एके काळी कोणा मोजणीदाराला नुसता दगडच दिसला असेल.

"कातळ रिकामो आसा असा तुका कोणी सांगितल्यान?" काकी मला म्हणाल्या. मी काही बोललोच नव्हतो. पण हातातला कागद त्यांनी पाहिला असावा.

दक्षिणेला मात्र जुनी चिरेखाण आहे. वीस वर्षांपूर्वी चिरे काढून नेले आणि चौकोनी खड्ड्यांचे रान मागे राहिले. तेथे गवत नाही, पाणी नाही, आणि रस्ता मात्र आहे. खड्डे बुजवून, पाण्याला निघायला वाट ठेवून सारखे केले तर सात-आठ एकर निघतील असे यंत्राने दाखवले. दीड मेगावॅट सहज बसेल. भाडे निम्मे, साफसफाईचा खर्च जास्त. गोड बोलणारे गृहस्थ कदाचित तोंड फिरवतील. तसे तेवीस सह्यांचे प्रकरण पाहूनही ते फिरवतीलच म्हणा.

चुलतभाऊ खाणीच्या काठावर बसून नवा भागाकार करीत होता. सव्वातीन हेक्टर, चार लाख सहा हजार, भागिले तेवीस. सतरा हजार सहाशे आणि वर काही. त्याने तो आकडा पुटपुटला, मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अर्धी फी होतली."

काकी खाणीत वाकून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "त्या प्लेटीखाली गवात येतला मां? मगे ढोरां आत सोडूक गावतली?"

मी सांगितले, येईल. मेंढ्या-शेळ्यांना चालते, गाईसाठी खांब हातभर उंच घ्यावे लागतील, म्हणजे लोखंड वाढेल, वाऱ्याचा जोरही जास्त लागेल. "मगे लिव तसा," त्या म्हणाल्या.

मी खाणीच्या काठी एका चिऱ्यावर बसून तक्ता भरू लागलो. शेवटच्या रकान्याशी आल्यावर थांबलो. जागा बोटभर होती. उत्तरेकडच्या तुकड्यासमोर लिहिले : विहिरीचे पाणी. पूर्वेकडच्या : चार घरांचा चारा. मधल्या तुकड्यासमोर काय लिहावे ते सुचेना.

तात्या माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"तुझ्या त्या कागदावर ह्यां सगळा मावतला काय रे?"

मी कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो.